मॉड्युलर सिंथचं रेकॉर्डिंग: रॅकमध्येच (मॉड्यूल बसवलेल्या चौकटीतच) स्टिरिओ मिक्स, की सुटे ट्रॅक?

पॅचवेताळ: रॅकमध्येच मिक्स करा, दोनच ट्रॅक घ्या. किकच्या एन्व्हलपने (ठोक्याबरोबर चढून उतरणारं व्होल्टेज) पॅडचा (लांबलेल्या मऊ सुरांचा) व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारं मॉड्यूल) दाबणं, मिक्सरचं आउटपुट परत फिल्टरमध्ये सोडणं, हा पॅचचाच, म्हणजे केबलच्या जोडणीचाच भाग आहे. तो सुटा करून काय हाती लागणार?

सुटासुटा: फीडबॅकपुरतं मान्य, बाकी नाही. दाबलेला पॅड हवा असेल तर व्हीसीएच्या नंतर टॅप घ्या (तिथून सिग्नल फोडा), दाब ट्रॅकमध्येच येतो. उलट किक 2 डीबी जास्त झाली तर दोन ट्रॅकमध्ये काय करणार? 60 हर्ट्झ कापलं की बासही पातळ होतो, आणि केबल काढल्यावर तोच पॅच तसाच पुन्हा लागत नाही. किक, बास, लीड सुटे, रिव्हर्बचा स्टिरिओ रिटर्न वेगळा. पाच इनपुटमध्ये भागतं. सिग्नल फोडायला पॅसिव्ह मल्ट (नुसत्या तारांचा स्प्लिटर) पुरतो. 1 किलोओहमच्या आउटपुटवर 10 किलोओहमचा इनपुट लावला तर जेमतेम 1 डीबी उतरतं. बफर्ड मल्ट (आत अ‍ॅम्प्लिफायर असलेला) लागतो तो पिच सीव्हीला, म्हणजे सूर ठरवणाऱ्या व्होल्टेजला.

ओहमओहम: दोघंही लेव्हलचं बोलतच नाही. 10 व्होल्ट पीक-टू-पीकची साइन म्हणजे साधारण +13 डीबीयू (व्होल्टेजवरून मोजलेली सिग्नलची पातळी). इंटरफेसचा (आवाज कंप्युटरमध्ये नेणाऱ्या पेटीचा) लाइन इनपुट +18 पर्यंत घेत असेल तर एक ऑसिलेटर आरामात बसतो. तसे दोन एका फेजमध्ये जोडले की +19, म्हणजे क्लिप, आवाज फाटतो. म्हणून रॅकमध्ये मिक्स करायचं तर मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलवरच कमी करा. मास्टर खाली ओढून आत आधीच फाटलेला आवाज सांधला जात नाही. 24 बिटला पीक −12 डीबीएफएसच्या (डिजिटलची कमाल पातळी 0 धरून) आसपास पुरे. '32 बिट फ्लोट आहे' (0 च्या वर गेलेला आवाजही फाइलमध्ये न फाटणारा फॉरमॅट) म्हणून निर्धास्त राहू नका. अ‍ॅनालॉग इनपुटच क्लिप झाला तर पुढची फाइल काय करणार?

आणि दोन ट्रॅकवाल्यांचा नेहमीचा घोळ: हेडफोन आउट एका स्टिरिओ केबलने एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये. तो इनपुट जॅकच्या टिपमधून (डावा आवाज) रिंग (उजवा आवाज) वजा करतो. मधोमध असलेले किक आणि बास गायब, उरते रिव्हर्बची शेपटी. डावं-उजवं वेगळं करून दोन मोनो केबलने दोन इनपुटमध्ये न्या.

पॅचवेताळ: चॅनेलवर कमी करायचं पटलं. पण सुटे ट्रॅक घेणारे मिक्स करतात कधी? सगळ्यांच्या हार्डडिस्कवर नुसता कच्चा माल.

सुटासुटा: मग दोन्ही घ्या. रॅकचा स्टिरिओ मिक्स सहाव्या-सातव्या इनपुटवर, सुटे ट्रॅक सोबत. फक्त दोन्ही एकत्र वाजवू नका, सगळं दुप्पट होतं. इनपुट डीसी-कपल्ड (स्थिर व्होल्टेजही आत घेणारा) असेल तर सुट्या ट्रॅकवर 20 हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) आधी लावा, नाहीतर ऑफसेटमुळे (शून्यावरून सरकलेल्या स्थिर व्होल्टेजमुळे) प्रत्येक कटवर टिक ऐकू येते.