मदत हवी आहे: गिल्बर्ट हिल, रियुनियन बेट आणि न जुळणारं गणित

भूगोलातल्या जाणकारांनो, जरा मदत करा. मी अंधेरी पश्चिमेला राहते. लेक नववीत आहे. शाळेत प्रकल्प मिळालाय, 'आपल्या परिसरातील भूरूप'. आमच्याकडे गिल्बर्ट हिल हाकेच्या अंतरावर, म्हणून रविवारी पायऱ्या चढून गावदेवीच्या देवळापर्यंत जाऊन आलो. खालून बेसॉल्टचे ते उभे खांब बघून लेक खूश. (मी सासरी आल्यापासून रोज त्याच्या पायथ्याशी भाजी घेते, मान वर करून कधी पाहिलं असेल तर शपथ.)

घरी येऊन तिने वाचलं की दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आला. तेव्हा भारत खूप दक्षिणेला होता, आज जिथे हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे तिथल्या तप्तबिंदूवर (म्हणजे पृथ्वीच्या खोलातून लाव्हा वर येत राहतो ती जागा). मग तिने नकाशावर मुंबई ते रियुनियन अंतर मोजलं, सुमारे ४८०० किमी. पुस्तकात आणि क्लासच्या सरांकडे एकच आकडा: भारताचा भूपट्ट (म्हणजे भारत ज्यावर आहे तो खडकाचा मोठा तुकडा) वर्षाला साधारण ५ सेंमी सरकतो. साडेसहा कोटी गुणिले ५ सेंमी म्हणजे ३२५० किमी. दीड हजार किलोमीटर गेले कुठे? सर म्हणाले, "परीक्षेला येत नाही."

दुसरं, सरांनीच सांगितलं की भूपट्ट उकळत्या दुधावरच्या सायीसारखे तरंगतात. पण पुस्तकात त्यांच्याखालचा जाड थर, प्रावरण, घन आहे असंही लिहिलंय. मग खरं काय? मी वाणिज्य शाखेची, मला विचारू नका. शुक्रवारी प्रकल्प द्यायचाय.

प्रतिसाद १
ताई, लेकीचं गणित बरोबर आहे, चुकतोय तो ५ सेंमीचा आकडा. तो आजचा वेग. चर्चगेटहून सुटलेली फास्ट लोकल अंधेरीपर्यंत सुसाट आली आणि पुढे सिग्नलला रखडत बोरिवलीला पोचली, तर बोरिवलीतला वेग बघून एकूण अंतर काढाल का?

भारत आधी वर्षाला १५ सेंमी किंवा त्याहूनही जोरात उत्तरेला चालला होता. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला आणि ब्रेक लागला. ढोबळ हिशोब करा: पहिली दीड कोटी वर्षं १५ सेंमीने म्हणजे २२५० किमी, पुढची पाच कोटी ५ सेंमीने म्हणजे २५०० किमी. बेरीज ४७५०. ब्रेक काही एका झटक्यात लागला नाही, पण नववीला एवढं पुरे.

प्रतिसाद २
वरच्यांनी ब्रेक सांगितला, इंजिन राहिलं. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता. त्याचा जुना, थंड, जड तळ आशियाखाली बुडत होता आणि आपल्यामागे भारताला ओढत होता, टेबलावरून घसरणारी चादर कपबशी ओढते तसा. समुद्र संपला आणि भारतभूमीची पाळी आली. खंडाचं कवच हलकं, ते सहज बुडत नाही. म्हणून ते चुरगळून वर आलं, तो हिमालय.

आता साय. ती विसरा. प्रावरण सुमारे २९०० किमी खोलीपर्यंत आहे आणि जवळजवळ सगळं घन खडक आहे. खरा द्रव त्याच्याखाली, बाह्यगाभ्यात. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, त्या तिथे अडतात, त्यावरून ते कळलं. खणून कोणी पाहिलेलं नाही. रशियातलं कोला इथलं विवर सर्वांत खोल म्हणतात, तेही १२ किमीच्या जरासं पुढे.

घन असूनही वाहतं कसं? घट्ट डांबराचा गोळा आठवा. हातोडा मारला की काचेसारखा फुटतो. पण क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली नरसाळ्यात ठेवलेलं डांबर आजही ठिबकतंय, एकेका थेंबाला साधारण सात ते तेरा वर्षं लागतात. प्रावरणाचा खडक त्याहून कितीतरी हट्टी, पण त्याच्याकडे कोट्यवधी वर्षं आहेत.

प्रतिसाद ३
प्रकल्पाला एक नकाशा जोडा. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस, रियुनियन असे ठिपके जोडत जा, तप्तबिंदूच्या खुणांची ओळ दिसेल. रियुनियनवर आजही जागृत ज्वालामुखी आहे. आणि एक बारीक खुसपट: गिल्बर्ट हिलचा दगड घाटातल्या मुख्य लाव्ह्यापेक्षा थोडा तरुण, सहा कोटींच्या आसपासचा, असं मापन आहे. वयाचा आकडा लिहिताना 'सुमारे' घालायला विसरू नका.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. लोकलवाला दाखला तिने जसाच्या तसा उचललाय, फक्त बोरिवलीचं विरार केलंय. सायीचं चित्र फाडून डांबर काढलं. आता सासूबाईंनी मध्येच विचारलंय: १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप मुंबईत त्यांनी अंथरुणात अनुभवला, फडताळातली भांडी वाजली होती, कोयना तर भूपट्टाच्या कडेला नाही, मग तिथे कसा? धरणाच्या पाण्याचा संबंध लावतात एवढं ऐकून आहे. त्यासाठी वेगळा धागा काढते, शुक्रवारनंतर.