माद्रिद ते सेगोव्हिया: बसने जाणाऱ्यांची म्हणे कीव येते!

उंबराचं_फूल
परवा इथेच 'वेगवान' यांनी सहलीचं वर्णन टाकलं. त्यात एक वाक्य: "ट्रेन २८ मिनिटांत सेगोव्हियाला नेते, तरी लोक बसमध्ये सव्वा तास घालवतात, कीव येते." प्रतिसाद लिहायला घेतला, तो वाढत गेला, म्हणून वेगळा धागा.

सहा वर्षं माद्रिदमध्ये आहे. भारतातून कोणी आलं की सेगोव्हिया, ते रोमन जलसेतूचं जुनं गाव, ठरलेलं, त्यामुळे आठ-नऊ वाऱ्या झाल्यात. तर २८ मिनिटं कुठून कुठे, ते आधी बघू. माद्रिदच्या चामार्तीन स्टेशनपासून सेगोव्हियाच्या ग्विओमार स्टेशनपर्यंत. ग्विओमार म्हणजे गाव नव्हे! गावापासून पाच-सहा किलोमीटरवर उघड्या माळावर हे स्टेशन. आजूबाजूला वाळकं गवत आणि कान बधिर करणारा वारा. स्पॅनिश कवी माचादो आपल्या प्रेयसीला कवितेत ग्विओमार म्हणायचा, तेच नाव स्टेशनला. तीही त्याला कधी धड मिळाली नाही.

तिथून जलसेतूपर्यंत जायला काय? ११ नंबरची बस! म्हणजे बस काही चुकत नाही. शिवाय चामार्तीनला पिशव्या एक्स-रेतून घालायच्या, त्याची रांग, गाडी सुटायच्या आधीच फाटक बंद, म्हणून वीस मिनिटं लवकर पोचा. करा बेरीज. मी माद्रिदच्या मोंक्लोआ बसस्थानकावर थेट बसमध्ये बसते, सव्वा तासाने गावात उतरते, दहा मिनिटं चालते की जलसेतू डोक्यावर. तिकीट जवळपास निम्म्यात. आता कीव करा.

वेगवान
ताई, एका वाक्यावर एवढा निबंध? "थेट बस" म्हणालात, पण गावोगाव थांबत जाणारीही एक असते, ते सोयीस्कर विसरलात. नवखा माणूस नेमका तीत बसतो. आणि तुमचं घर मोंक्लोआच्या आसपास असणार, पैज लावतो.

उंबराचं_फूल
अर्ग्वेयेस. मोंक्लोआपासून मेट्रोचं एकच स्टेशन. बरं, हा मुद्दा तुमचा.

गुडघे_बोलतात
वेगवानशी सहमत. बाबा ७४ वर्षांचे, मधुमेह. आमच्या बसमध्ये शौचालय नव्हतं. चाळिसाव्या मिनिटाला बाबांनी माझा दंड घट्ट धरला आणि काही न बोलता समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. ती पस्तीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. परत येताना ट्रेन. पैशांचं गणित त्या दिवसापासून सोडलं.

अनुस्वार
धाग्याचा विषय राहू दे. सगळेच 'सेगोव्हिया' लिहिताय. स्पॅनिशमध्ये ब आणि व्ह हा एकच उच्चार. सेगोबिया. मूळ लेखात तर 'मॅड्रिड' होतं, ते डोळ्यांना टोचलं.

वेगवान
आले! तुम्ही पॅरिसला 'पारी' म्हणता का?

अनुस्वार
पॅरिस मराठीत रुळलंय. सेगोबिया रुळायचं आहे, तोवर नीट रुळू द्या.

तिखटजाळ
कोण रुळवणार? वर्षाला दहा मराठी माणसं तिथे जातात, त्यातली चार या धाग्यावर आहेत.

चष्मेवाली
हसू नका, या उच्चारापायी माझी गाडी गेली आहे. चामार्तीनला फलकावर 'सेगोव्हिया' शोधत उभी. फलकावर असतं शेवटचं स्थानक, हे तेव्हा कुठे ठाऊक? वर लाउडस्पीकरवर बाई सारखी "बायादोलिद, बायादोलिद" म्हणतेय. मी मनात म्हणतेय, जाऊ दे बाई तुझं बायादोलिद, माझी कधी येणार? ते व्हॅलाडोलिड शहर होतं, गाडीचं शेवटचं स्थानक! वाटेत सेगोव्हियाला थांबणारी माझीच गाडी. फाटक माझ्या डोळ्यांदेखत बंद झालं. तिकीट त्याच गाडीचं, पैसे पाण्यात.

अनुस्वार
म्हणजे माझा मुद्दा सिद्ध झाला. धन्यवाद.

चष्मेवाली
सिद्ध काही झालं नाही. बस असती तर पुढच्या बसने गेले असते, एवढंच झालं.

तिखटजाळ
अनुस्वार, 'बायादोलिद' तरी बरोबर का? Valladolid मधल्या त्या ll (ल्ल) चा उच्चार सगळा स्पेन एकसारखा करत नाही. आमची घरमालकीण जुन्या वळणाची, ती 'ल्य' म्हणते. आता तिलाही सुधारा.

अनुस्वार
मी सुधारत नाही, सांगतो. फरक कळत नसेल तर लेखणीला विराम.

गुडघे_बोलतात
विराम खरंच द्या. इथे बस की ट्रेन चाललंय.

उंबराचं_फूल
बाबांचं वाचून वाईट वाटलं, तिथे ट्रेनच बरोबर. पण धडधाकट माणसाने तरी खिडकीचा विचार करावा ना? वाटेतल्या ग्वादारामा डोंगराखालचा रेल्वे बोगदा २८ किलोमीटरचा, त्याच्या अलीकडे सान पेद्रोचा जवळपास नऊचा. म्हणजे बराच वेळ काचेत आपलंच तोंड बघायचं. महामार्गाचा बोगदा सुमारे तीनच किलोमीटर. त्याआधी डावीकडे डोंगरावर हुकूमशहा फ्रँकोच्या काळातला १५० मीटरचा क्रूस दिसतो. आवडो न आवडो, नजर जातेच. आणि सेगोव्हिया जवळ आलं की 'मेलेली बाई' नावाची डोंगररांग, खरंच कोणी हात पोटावर ठेवून उताणी निजल्यासारखी.

वेगवान
मेलेली बाई ग्विओमारच्या त्या तुमच्या माळावरूनही दिसते. तेव्हा वारा खात बघायची होती! आणि रविवारी संध्याकाळचं का नाही लिहिलं? अर्धं माद्रिद डोंगरावरून परतत असतं. मागच्या मे महिन्यात वाटेतल्या बियाल्बा गावाच्या अलीकडे आमची परतीची बस अशी अडकली की शेजारच्या गाडीतल्या पोराने खिडकीतून मला पूर्ण केळं सोलून खाऊन दाखवलं. तोवर आम्ही दोन्ही गाड्या तिथेच.

उंबराचं_फूल
पुढे माद्रिदजवळच्या लास रोसासपासून बससाठी मधली स्वतंत्र मार्गिका आहे, ती थेट मोंक्लोआपर्यंत.

वेगवान
पुढे आहे. बियाल्बा मागे आहे.

उंबराचं_फूल
...रविवारी संध्याकाळी ट्रेन. फक्त रविवारी.

अनुस्वार
वेगवान यांनी Villalba हे 'व्ह' ने नाही, 'ब' ने लिहिलं, याची नोंद घेतली आहे.

वेगवान
चुकून झालं. शनिवारी मेहुण्याला घेऊन चाललोय. जाताना बसचं तिकीट काढलंय, ताईंच्या शब्दाखातर. येताना ट्रेन. मेलेली बाई उजवीकडे दिसते की डावीकडे, तेवढं सांगा, मेहुण्याला खिडकी द्यायची नाहीये.