शब्दचर्चा : अंगरक्षक, सुरक्षारक्षक, की आणखी काही?

बोरूबहाद्दर

पंतप्रधान आणि त्यांच्या घरच्यांचं रक्षण करणाऱ्या एसपीजीवरचा (स्पेशल प्रोटेक्शन ग्रुप) एक लांबलचक लेख मराठीत आणतोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. काळा चष्मा, कानात तार, हातात ती चपटी ब्रीफकेस (उघडली की ढाल होते) असा जो माणूस दिसतो, त्याला आपली वर्तमानपत्रं एकाच बातमीत तीन नावं देतात. मथळ्यात अंगरक्षक, मजकुरात सुरक्षारक्षक, फोटोखाली कमांडो. तिन्ही एकच का? आणि 'सुरक्षा' की 'संरक्षण', याचा काही नियम आहे, की कानाला बरं वाटेल ते?

गिरगावकर

सुरक्षारक्षक अजिबात नको. व्याकरणाचा भाग सोडा ('रक्ष' दोनदा येतो, येऊ दे), पण या शब्दाची जागा महाराष्ट्रात पक्की झाली आहे. १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा राज्यानं केला, त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं आली, आणि तेव्हापासून सुरक्षारक्षक म्हणजे कारखान्याच्या, बँकेच्या नाहीतर सोसायटीच्या गेटवरचा माणूस. 'पंतप्रधानांचे सुरक्षारक्षक' असं वाचलं की मला वहीत गाडीचा नंबर उतरवून घेणारे आमचे काका दिसतात.

कमांडो हे प्रशिक्षणाचं नाव, कामाचं नव्हे. राहिला अंगरक्षक. तोच वापरा आणि पुढे चला.

जुनी दौत

इतक्या लवकर पुढे जाऊ नका. या कामाचे आपल्याकडे किती शब्द होते आणि त्यांचं पुढे काय झालं, ते बघण्यासारखं आहे.

हुजऱ्या म्हणजे धन्याच्या हुजूर, म्हणजे समोर, सतत हजर असणारा. आज हुजरेगिरी ही शिवी आहे. खिदमतगाराचीही तीच गत. हुजरात ही थेट पेशव्यांच्या हाताखालची फौज. तो शब्द इतिहासाच्या पुस्तकांबाहेर उरला नाही. हुजूरपागा तेवढी पुण्यात शाळेच्या नावानं टिकली, तीही घोडे जाऊन मुली आल्या म्हणून.

सर्वांत वाईट नशीब गारद्यांचं. या शब्दाचं नातं युरोपीय 'गार्ड'शी लावलं जातं. कवायती पायदळ, पगारी माणसं, शनिवारवाड्यावर पहाऱ्याला. आणि ३० ऑगस्ट १७७३ ला त्यांनीच नारायणराव पेशव्यांना वाड्यात मारलं. 'ध चा मा' झाला की नाही यावर वाद घालणारे घालोत, पण राखणदारच मारेकरी झाला हे खरं. त्यानंतर मराठीत गारदी या शब्दाला राखणदाराचा अर्थ परत मिळाला नाही.

योगायोग असा की त्याच १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जनं बनारसला गव्हर्नरच्या रक्षणासाठी एक घोडदळाची तुकडी उभी केली. तीच आजचे राष्ट्रपतींचे अंगरक्षक. म्हणजे हा शब्द सरकारी नावात ज्यांच्याकडे आहे, ते भाले घेतलेले घोडेस्वार. त्यांचं दर्शनी काम बव्हंशी समारंभाचं, जरी ते सैनिक म्हणून पुरते तयार असले तरी.

गिरगावकर

दौतकाका, मग जिवा महाला? 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' म्हणताना आपण अंगरक्षकच म्हणतो ना?

जुनी दौत

म्हणतो, आणि तिथे तो चपखल बसतो. प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार महाराजांवर येतोय आणि जिवा तो मधल्यामध्ये तोडतो. अंगावर आलेलं अंगानं अडवणं. माझी शंका एवढीच की आजचं काम तसं उरलं आहे का.

कलम चौदा

नाही उरलं, आणि हे कायद्याच्या भाषेतच दिसतं. मी या विषयाच्या कागदपत्रांत बरीच वर्षं डोकं घातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर त्यांच्याच बंदोबस्तातल्या दोघांनी घराच्या आवारात गोळ्या झाडल्या. पुढच्याच वर्षी एसपीजी उभी राहिली आणि १९८८ मध्ये तिचा कायदा झाला. या गटातली माणसं पोलीस आणि केंद्रीय दलांतून ठरावीक मुदतीसाठी येतात. त्या कायद्यात 'अंगरक्षक' या अर्थाच्या शब्दावर काहीच उभं नाही. सगळी इमारत उभी आहे ती 'प्रॉक्सिमेट सिक्युरिटी'वर, म्हणजे निकट संरक्षणावर. त्याची व्याख्या साध्या मराठीत सांगायची तर: रस्ता, रेल्वे, विमान, बोट किंवा पायी प्रवासात, तसंच कार्यक्रमाच्या, राहण्याच्या, मुक्कामाच्या जागी अगदी जवळून दिलेलं संरक्षण. त्यात भोवती फिरणारी पथकं आली, गर्दीपासून अलग करणारं कडं आलं, व्यासपीठाभोवतीचं कडं आलं, आणि त्या व्यक्तीपर्यंत कोणाला पोचू द्यायचं यावरचा ताबा आला.

शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. गोळी झेलायची पाळीच येऊ न देणं हे खरं काम आहे. म्हणून मी प्रत्येक थराला वेगळा शब्द वापरतो, आणि ते सगळे मराठीत आधीपासून आहेत. अगदी लगतचं ते कडं. त्याबाहेर जागेवर खिळून उभा असतो तो पहारा. त्याच्याही बाहेर रस्ते, गच्च्या, पार्किंग, गर्दी हे सगळं सांभाळतो तो बंदोबस्त, आणि तो एसपीजीचा नसतो, राज्याच्या पोलिसांचा असतो. सर्व केंद्रीय व राज्य यंत्रणांनी एसपीजीला मदत करायची, हे त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात आहे. (माझं टोपणनाव तिथूनच.)

बातमीत हे थर कालवले की अर्थ बिघडतो. ५ जानेवारी २०२२ ला पंजाबात फिरोजपूरकडे जाताना पंतप्रधानांचा ताफा उड्डाणपुलावर पंधरा-वीस मिनिटं अडकला. कित्येक ठिकाणी 'अंगरक्षकांचा गलथानपणा' छापाची वाक्यं वाचली. कडं जागेवर होतं. वाद होता तो रस्त्याच्या बंदोबस्ताचा. सर्वोच्च न्यायालयानं न्या. इंदू मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली तीही हीच जबाबदारी कोणाची हे पाहायला.

बोरूबहाद्दर

'कडं' झकास. पण त्या कड्यातल्या एका माणसाला काय म्हणू? 'कडेकरी'?

कलम चौदा

नको हो, कडधान्य विकणारा वाटेल. एकटा माणूस असेल तिथे अंगरक्षक चालेल, माझा शब्दाला विरोध नाही. राजीव गांधींबरोबर २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला जे प्रदीप गुप्ता मारले गेले, ते दिल्ली पोलिसांचे वैयक्तिक सुरक्षा अधिकारी होते. त्यांना अंगरक्षक म्हणणं शब्दशः खरं आहे. पण त्या दिवशी कमी काय पडलं, तर कडं. पंतप्रधानपद गेल्यावर एसपीजी काढून घेतलेली होती, हार घालायला येणाऱ्यांना आवर नव्हता. एका महिला पोलिसानं मारेकरी बाईला मागे सारायचा प्रयत्न केला होता. आत कोणाला सोडायचं हा ताबाच नसेल, तर एकटा अंगरक्षक शेजारी उभा असून काय करणार?

माहेरवाशीण

कुटुंबाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि धाग्याचा अर्धा विषय तोच आहे.

कायद्यातल्या 'इमिजिएट फॅमिली'चं बहुतेक जण 'कुटुंबीय' करतात. कायद्याची व्याख्या आहे पत्नी, पती, मुलं आणि आईवडील. भाऊ नाही, सून नाही, नातवंडं नाहीत. आपल्या 'कुटुंबीय'मध्ये आत्येभावही मावतो. उलट आमच्या आजोबांच्या पिढीत 'आमचं कुटुंब' म्हणजे फक्त बायको! तेव्हा 'निकटचे कुटुंबीय' लिहा आणि पहिल्या उल्लेखाला व्याख्या द्या.

दुसरं, काळ सांगितल्याशिवाय हा शब्द निरर्थक आहे. १९८८ मध्ये फक्त पदावरचे पंतप्रधान व निकटचे कुटुंबीय. १९९१ च्या हत्येनंतर माजी पंतप्रधान आणि त्यांचे घरचे आले. मध्ये २००३ ला माजी पंतप्रधानांच्या संरक्षणाची मुदत आखडली. २०१९ च्या दुरुस्तीनं कुटुंबीयांना आणखी एक अट लागली: पंतप्रधानांबरोबर अधिकृत निवासस्थानी राहत असतील तरच. माजी पंतप्रधानांना पाच वर्षं, आणि तिथेही सोबत राहणारेच. म्हणजे नातं पुरेसं नाही, एक छप्पर हवं. गांधी कुटुंबाची एसपीजी त्याच वर्षी गेली आणि सीआरपीएफची (केंद्रीय राखीव पोलीस दल) झेड प्लस सुरक्षा आली.

यावर राजकीय मतं इथे नकोत, संपादक धागा बंद करतील.

गिरगावकर

राजकारण नाही, पण बातमीतलं 'एसपीजी कवच काढून घेतले' हे मला आवडतं. 'कव्हर'ला 'कवच' नुसत्या ध्वनीनं जुळलं असावं, पण कर्णामुळे त्याला वजन आलं. छत्र म्हटलं असतं तर सत्ताच गेल्यासारखं वाटलं असतं.

न आवडणारा शब्द म्हणजे 'दर्जा'. 'अमुक आमदारांना वाय दर्जाची सुरक्षा.' एक्स, वाय, झेड, झेड प्लस या श्रेणी आहेत. धोका किती, त्याचा अंदाज गुप्तचर यंत्रणा देतात आणि त्यावरून माणसं किती ते ठरतं. 'दर्जा' म्हटलं की मान आला, आणि मान आला की मागणी आली. गावाकडे 'साहेबांना गनमॅन मिळाला' हे पेढे वाटण्याच्या सुरात सांगतात. जिवाला धोका वाढला म्हणून पेढे!

जुनी दौत

+१. श्रेणीच लिहावं.

बोरूबहाद्दर

आणि सुरक्षा की संरक्षण?

कलम चौदा

मी असा फरक करतो: संरक्षण ही क्रिया, सुरक्षा ही स्थिती. पोलीस संरक्षण *देतात*, त्यामुळे माणूस सुरक्षित *असतो*. 'पोलीस संरक्षण' रुळलेलं आहे, कोर्टातही तेच मागतात. अडचण एवढीच की नुसतं 'संरक्षण' मथळ्यात टाकलं तर वाचक रणगाड्यांकडे जातो, कारण संरक्षण मंत्री वेगळे. तिथे 'सुरक्षा' लिहा, कोणी भांडणार नाही. मुंबई पोलिसांनी तर शाखेचं नावच 'संरक्षण व सुरक्षा' ठेवून वाद मिटवला.

माहेरवाशीण

अवांतर: अमेरिकेच्या 'सीक्रेट सर्व्हिस'चं भाषांतर कृपा करून 'गुप्तचर सेवा' करू नका. १८६५ मध्ये ती खोट्या नोटा पकडायला निघाली, अध्यक्षांचं रक्षण गळ्यात पडलं ते १९०१ मध्ये मॅकिन्लींची हत्या झाल्यावर. ते हेर नव्हेत. नाव आहे तसं ठेवा.

सातारी

उशिरा आलो. एक शब्द राहिला. मोठी व्यक्ती येण्याआधी रिकाम्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं नेऊन बघतात. हेलिपॅड ते सभामंडप किती मिनिटं, रुग्णवाहिका कुठे, वळणावर कोण. बाहेरून आलेले लोक याला नुसतं 'रिहर्सल' म्हणतात. आमच्याकडे बंदोबस्ताला उभा असलेला हवालदारसुद्धा 'रंगीत तालीम' म्हणतो, नाटकवाल्यांसारखं, आणि वर्तमानपत्रंही तसंच छापतात. लेखात तो प्रसंग असेल तर हाच शब्द घाला, दुसरा शोधत बसू नका.

बोरूबहाद्दर

आहे प्रसंग, पान चारवर. मी 'पूर्वाभ्यास' लिहून ठेवलं होतं. खोडतो.