वसीम जाफर: नजाकतीने तारले की मारले?

शिवाजी पार्क कट्टा (धागाकर्ता):

परवा एका मित्राशी झालेल्या वादातून हा धागा काढत आहे. विषय भारताच्या देखण्या फलंदाजांचा होता. अझरुद्दीन झाला, लक्ष्मण झाला, आणि मी मुंबईचा सलामीवीर वसीम जाफर याचे नाव घेतल्यावर मित्र म्हणाला, “देणगी होती रे त्याच्याकडे, पण अंगात आळस. वाया घालवली.” हे वाक्य मी गेली वीस वर्षे वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग येतो, म्हणून आज तो राग जरा व्यवस्थित मांडतो.

ज्यांनी जाफरला केवळ टीव्हीवर पाहिले असेल त्यांच्यासाठी सांगतो. रणजी करंडकाच्या, म्हणजे देशांतर्गत स्पर्धेच्या, सामन्यांना वानखेडेवर स्टँड जवळजवळ रिकामे असतात, त्यामुळे बॅटचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. जाफर खेळत असताना तो आवाज इतरांपेक्षा मऊ असे. मधल्या यष्टीवर पडून आत येणारा चेंडू बहुतेक फलंदाज ढकलतात किंवा अडवतात. हा मात्र चेंडू जवळजवळ पॅडला लागेपर्यंत थांबायचा आणि मग मनगट असे वळवायचा की मिडविकेटचा क्षेत्ररक्षक पहिली दोन पावले चुकीच्या दिशेने टाकायचा. फटका मारून झाल्यावरही त्याच्या डोक्याची जागा हललेली नसे. शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ दर चौकाराला टाळी न वाजवता फक्त “हं” म्हणत होते. मुंबईच्या मैदानांवर यापेक्षा मोठी दाद नाही.

आता मुद्दा. हे सगळे पाहून लोक म्हणतात की हे उपजत आहे, आणि एकदा उपजत म्हटले की मेहनतीचे श्रेय संपते. वडील बस चालवत असलेल्या घरातल्या ज्या मुलाने १९९६ साली, अठराव्या वर्षी, आपल्या दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४ धावा केल्या आणि सुलक्षण कुलकर्णीबरोबर ४५९ धावांची सलामी दिली, त्याला आळशी कोण म्हणेल? त्रिशतक हे नजाकतीने होत नाही, ते भुकेने होते. रणजीत १२,०३८ धावा आणि ४० शतके, एकूण प्रथम श्रेणीत १९,४१० धावा आणि ५७ शतके, तीही २०२० पर्यंत ताणलेल्या कारकिर्दीत. मुंबईत ज्याला आपण खडूसपणा म्हणतो, म्हणजे सहजासहजी विकेट न देण्याची चिवट वृत्ती, तो या माणसात ठासून भरलेला होता. फक्त त्याचा खडूसपणा दिसायला गोड होता.

आणि त्याच गोडपणाने त्याचा घात केला असे माझे मत आहे. घाम गाळत, वाकडेतिकडे खेळणारा फलंदाज स्लिपमध्ये झेल देऊन परतला तर आपण म्हणतो, चेंडूच चांगला होता. तोच झेल जाफरने दिला तर आपण म्हणतो, निष्काळजीपणा. ३१ कसोटी, १,९४४ धावा आणि ५ शतके, त्यांतली दोन द्विशतके, एवढ्यावर त्याची कसोटी कारकीर्द २००८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, संपली. त्याच्या जागी एखादा कमी देखणा फलंदाज असता तर त्याला आणखी वेळ मिळाला असता.

आकडेमोड्या:

आपले निरीक्षण सुंदर आहे, परंतु निष्कर्ष नेमका उलटा आहे असे मी नम्रपणे म्हणेन. जाफरला नजाकतीने मारले नाही, तारले.

क्रम पाहा. फेब्रुवारी २००० मध्ये घरच्याच वानखेडेवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पदार्पण, दोन्ही डाव मिळून दहा धावा, आणि दोन कसोटींनंतर बाहेर. २००२ साली पुन्हा संधी. अँटिग्वाला ८६ आणि लॉर्ड्सवर ५३ धावा केल्या, पण ट्रेंट ब्रिजवर ० आणि ५, पुन्हा बाहेर. २००६ साली तिसऱ्यांदा संधी. भारतीय क्रिकेटमध्ये सलामीच्या किती फलंदाजांना तीन वेळा दार उघडून मिळाले? ज्याला खेळताना पाहून निवड समितीच्या मनात “हा एक दिवस मोठे काही करेल” असे येते, त्यालाच. ही आशा धावफलकातून येत नाही, डोळ्यांना जे सुखावते त्यातून येते.

२००२ साली त्याची जागा कोणी घेतली हेही आठवावे. संजय बांगरने. बीडमध्ये जन्मलेल्या, रेल्वेकडून खेळणाऱ्या आणि ज्याच्या फलंदाजीवर कोणी कविता करणार नाही अशा बांगरने हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत ६८ धावा केल्या, द्रविडबरोबर १७० धावांची भागी केली आणि भारताने ती कसोटी एक डाव ४६ धावांनी जिंकली. त्या खेळीत पाहण्यासारखे काहीही नव्हते आणि उपयोगाचे सगळे होते.

राहिला प्रश्न अन्यायाचा. २००७-०८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तीन कसोटींच्या सहा डावांत जाफरने एकदाही विशी गाठली नाही. पुढे त्याची जागा गौतम गंभीरने घेतली आणि गंभीरने एकूण कारकिर्दीत ५८ कसोटींत जवळपास ४२ च्या सरासरीने ४,१५४ धावा केल्या. जाफरची सरासरी ३४ होती. सौंदर्याला सरासरीत वेगळे गुण मिळत नाहीत.

क्लबातला विकेटकीपर:

वरच्या दोन्ही प्रतिसादांत नजाकत ही फलंदाजीवर चढवलेली झूल असल्यासारखी चर्चा चालली आहे. मी आयुष्यभर यष्टींच्या मागे बसून फलंदाज पाहिले आहेत, अर्थात अगदी खालच्या पातळीवर, आणि माझे म्हणणे असे की जाफरची नजाकत आणि त्याची उणीव ही दोन्ही एकाच मुळातून आलेली होती.

तो उभा राहून, क्रीझमधूनच खेळणारा फलंदाज होता. पुढचा पाय थोडासाच यायचा. उरलेले अंतर हात आणि मनगट भरून काढायचे. चेंडू फार जोरात येत नसेल किंवा फिरकी असेल तर याचा अमाप फायदा होतो, कारण पाय अडकलेला नसल्यामुळे फलंदाजाला शेवटच्या क्षणापर्यंत बेत बदलता येतो. धागाकर्त्यांनी वर्णन केलेला तो मनगटाचा फटका याच मोकळेपणातून येतो. परंतु ऑफस्टंपच्या रेषेत ताशी १४५ किलोमीटरने पडून किंचित बाहेर जाणारा चेंडू आला, की तेच मोकळे हात शरीरापासून दूर जाऊन चेंडूच्या मागे लागतात. ऑस्ट्रेलियात बहुतेक वेळा ब्रेट लीने त्याला बाद केले यात आळस कुठेच नाही. तो त्याच्या पद्धतीचा हिशेब होता. पाय पुढे टाकायला शिकवले असते तर कदाचित सरासरी वाढली असती, आणि मग हा धागाही निघाला नसता.

एक विषयांतर माफ करावे: २००२ च्या ज्या अँटिग्वा कसोटीत भारताच्या अकराही जणांनी गोलंदाजी केली, त्यात जाफरने १८ धावांत २ बळी घेतले होते. ती देणगी मात्र खरोखरच वाया गेली.

शिवाजी पार्क कट्टा:

विकेटकीपर साहेबांचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. क्रीझमधून खेळणारा फलंदाज वेगापुढे टिकतच नाही असे म्हणायचे असेल तर जानेवारी २००७ मधील केपटाऊनचे काय करायचे? समोर स्टेन, एन्टिनी आणि पोलॉक, बरोबर दिनेश कार्तिक. १५३ धावांची सलामी आणि जाफरच्या ११६ धावा. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये सेंट जॉन्सला पहिल्या डावात एका धावेवर बाद झाल्यावर दुसऱ्या डावात जवळपास चारशे चेंडू खेळून २१२. पिछाडीवर असलेला संघ त्या खेळीमुळे उलट विजयाच्या उंबरठ्यावर गेला, वेस्ट इंडीजचे नऊ गडी बाद झाले आणि एक गडी पडला नाही म्हणून सामना अनिर्णित राहिला. त्या खेळीत जाफरने चौकारांपेक्षा सोडलेले चेंडूच अधिक असतील, आणि सोडलेल्या चेंडूंची चित्रफीत कोणी पुन्हा पाहत नाही.

आकडेमोड्या यांनी बांगरचा दाखला दिला आहे. हेडिंग्लेची ती खेळी मोठीच होती, तिला माझा सलाम आहे. परंतु बांगरची कसोटी कारकीर्दही १२ सामन्यांवर थांबली. तेव्हा कुरूप फलंदाजीला निवड समितीने न्याय दिला आणि देखण्या फलंदाजीवर खैरात केली, असे चित्र निदान या दोघांवरून उभे राहत नाही. अर्थात, त्यामुळे कमी देखण्या फलंदाजाला जास्त वेळ मिळाला असता हे माझे मूळ वाक्यही लंगडे पडते, हे मला मान्य करावे लागेल.

जामठ्याचा प्रेक्षक:

आपण सगळे मुंबईकर मंडळी जाफरची गोष्ट २००८ ला थांबवता, त्यामुळे विदर्भाच्या वतीने चार ओळी लिहिणे भाग आहे. आमचे त्याच्याशी नाते तसे जुने. त्याचे पहिले कसोटी शतक मार्च २००६ मध्ये नागपूरलाच, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर, इंग्लंडविरुद्ध शेवटच्या दिवशी झाले. पहिल्या डावात ८१ आणि दुसऱ्यात १००. नऊ वर्षांनी तो आमच्याच संघात खेळायला येईल असे तेव्हा कोणी म्हटले असते तर आम्ही हसलो असतो.

तो आला तेव्हा इथेही पुष्कळांना वाटले होते की मुंबईचा माणूस शेवटचे दोन-तीन हंगाम आरामात काढायला आला आहे. मग २०१७-१८ मध्ये प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली, फैज फजलच्या नेतृत्वात विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, आणि विजयी फटका जाफरच्या बॅटमधून आला. पुढच्या हंगामात, चाळिशी ओलांडल्यावर, त्याने रणजीत हजारावर धावा केल्या आणि आम्ही पुन्हा जिंकलो. चाळिशीत डोळे आणि हात मंद होतात हे क्रिकेट खेळलेल्या कोणालाही माहीत आहे. उपजत देणगी सगळ्यात आधी तिथेच संपते. त्यानंतरही जे उरते, त्याला आपण काय नाव देणार?

मार्च २०१८ मधील इराणी करंडकाचा, म्हणजे रणजी विजेते विरुद्ध शेष भारत असा, सामना मी नागपूरजवळच्या जामठ्याला पाहिला. शेष भारताकडून अश्विन गोलंदाजी करत होता. जाफर त्याच्या हाताकडे बघत, चेंडू पडायच्या आधीच ठरवून टाकल्यासारखा मागे जायचा आणि इतक्या उशिरा कट करायचा की यष्टिरक्षकाचे हातमोजे चेंडूच्या जागी मिटलेले असायचे. दुसऱ्या दिवसअखेर तो नाबाद २८५ होता.

आकडेमोड्या:

विदर्भाचे प्रेम मी समजू शकतो आणि स्थानिक क्रिकेटमधील जाफरच्या मोठेपणाविषयी माझा वाद कधीच नव्हता. माझा आक्षेप हळहळीच्या वाटपाला आहे. अमोल मुझुमदारने १९९३-९४ मध्ये रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या आणि त्याला एकही कसोटी मिळाली नाही. त्याच मुंबईत, त्याच मैदानांवर वाढलेला फलंदाज. जाफरसाठी आपण ३१ कसोटी कमी पडल्या म्हणून धागा काढतो, आणि मुझुमदारच्या शून्य कसोटींचा उल्लेख वाद चिघळल्यावर कोणीतरी पुरावा म्हणून करते, जसा तो आता मी करत आहे. ही तफावत कशामुळे? जाफरच्या मनगटामुळेच. जे डोळ्यांत राहते त्याच्याविषयी आपल्याला अन्याय अधिक जाणवतो. यालाच मी नजाकतीचा फायदा म्हणतो, आणि तो निवड समितीइतकाच आपल्यासारख्या प्रेक्षकांकडूनही मिळतो.

क्लबातला विकेटकीपर:

मुझुमदारविषयीचे म्हणणे बोचले, कारण ते खरे आहे. फक्त एक दुरुस्ती सुचवतो: हळहळ वाटते ती जाफरच्या कसोटी संख्येबद्दल असेल असे मला वाटत नाही. २००७ च्या शेवटी ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्ध २०२ धावा करणारा फलंदाज पुढच्या दौऱ्यात एकेका चेंडूला चाचपडताना पाहणे हे त्रासदायक होते, कारण मधल्या काळात त्याच्या तंत्रात काहीही बदललेले नव्हते. बदलली होती ती खेळपट्टी आणि समोरचा गोलंदाज. त्याच वर्षी चितगावला सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर मशरफी मुर्तझाने त्याचा त्रिफळा उडवला होता आणि पुढच्याच कसोटीत त्याने ढाक्याला १३८ केल्या होत्या. इतके टोकाचे खालीवर ज्याच्या खेळात असते त्याच्यावर कोणता कर्णधार विसंबेल, हा प्रश्न धागाकर्त्यांनी टाळला आहे.

शिवाजी पार्क कट्टा:

टाळला नव्हता, पण माझ्याजवळ त्याचे समाधानकारक उत्तर नाही. मुझुमदारवर स्वतंत्र धागा मी काढतो. आकडेमोड्या यांनी तिथे आधी यावे. आळस या शब्दावर मात्र मी मागे हटणार नाही. जामठ्याचे प्रेक्षक, आपण ती २८५ ची गोष्ट अर्धवट सोडली आहे.

जामठ्याचा प्रेक्षक:

मुद्दामच सोडली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी लोक त्रिशतक पाहायला लवकर आले होते, मीही डबा घेऊनच निघालो होतो. जाफरने एक धाव जोडली आणि सिद्धार्थ कौलच्या चेंडूवर २८६ वर बाद झाला. माझ्या मागे बसलेला एक जण लगेच म्हणाला, “बघा, आळस.” त्याआधी दोन दिवस तो माणूस जाफरला उन्हात खेळताना माझ्यासारखाच बसून पाहत होता.