मदत हवी आहे: आईचे लोह भरून काढले तरी पुन्हा कमी होते

नमस्कार. माझी आई ५९ वर्षांची असून तिची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. गेल्या वर्षी जिना चढताना तिला धाप लागू लागली आणि दिवसभर बर्फ चघळण्याची विचित्र तलफ येऊ लागली, म्हणून रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.४, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ७० आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) ६ निघाले. फेरस सल्फेटच्या गोळ्या सुरू केल्यावर आधी बर्फाची तलफ गेली, मग धाप कमी झाली, आणि हिमोग्लोबिन १२.१ झाल्यावर गोळ्या थांबवल्या. आता ते पुन्हा ९ वर आले असून फेरिटिन ८ आहे. गोळ्यांनी तिला बद्धकोष्ठता होते व मळमळते, त्यामुळे त्या पुन्हा घेण्यास ती राजी नाही. गुडघेदुखीसाठी ती वेदनाशामक गोळी बरेचदा घेते आणि पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल चालू आहे. शौचातून रक्त गेल्याचे तिने कधी पाहिलेले नाही. शिरेतून लोह देणे योग्य ठरेल का, आणि आहारात काय वाढवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आईंना न तपासता निदान करता येणार नाही, परंतु तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या आधी येणारा एक प्रश्न राहून गेला आहे: हे लोह जाते कुठे? गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढले, याचा अर्थ आतडे लोह बऱ्यापैकी शोषून घेते. गोळ्या थांबताच ते घसरले, याचा एक अर्थ असा की साठा भरण्याआधीच उपचार थांबले (हिमोग्लोबिन सुधारल्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात, ते फेरिटिन भरून येण्यासाठीच), आणि दुसरा, अधिक काळजीचा अर्थ असा की लोह कुठून तरी सतत गळते आहे.

इथे थोडा हिशेब पाहा. आहारातून शरीरात दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते आणि जवळपास तेवढेच नैसर्गिकरीत्या बाहेर पडते. निरोगी माणसाच्या १ मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे जठरातून किंवा आतड्यातून रोज एक चमचाभर रक्त झिरपले तरी जमाखर्च तुटीत जातो, आणि एवढ्याशा रक्ताने शौचाचा रंग बदलत नाही. म्हणून ‘रक्त दिसले नाही’ यावर विसंबू नये. पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये आणि कोणत्याही पुरुषामध्ये लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आढळला, की जठराची व मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावी, असे अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. यात व्रण, सूज, रक्तवाहिन्यांतील दोष आणि क्वचित कर्करोगही सापडतो; तो वेळेत सापडावा हाच हेतू असतो. सोबत सीलिअॅक आजाराची (यात गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते) रक्तचाचणी आणि एच. पायलोरी या जठरातील जिवाणूची चाचणी यांविषयीही विचारा. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतात हे तर सर्वश्रुत आहे, तेव्हा त्या किती व किती काळ घेतल्या, हे डॉक्टरांना अवश्य सांगा. पॅन्टोप्राझोलमुळे लोहाचे शोषण काहीसे घटते, पण तीच गोळी आज जठराचे रक्षणही करत असेल, म्हणून ती स्वतःहून बंद करू नका.

आता गोळ्यांविषयी. लोहाची मोठी मात्रा घेतली की हेपसिडिन हे संप्रेरक सुमारे २४ तास वाढलेले राहते आणि पुढच्या मात्रेचे शोषण रोखते. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा गोळ्या घेण्यात फारसा अर्थ नाही. दिवसाआड एक घेतली तर त्या मात्रेतले लोह अधिक प्रमाणात शोषले जाते आणि पोटही कमी बिघडते. गोळी रिकाम्या पोटी, क जीवनसत्त्वासोबत घ्यावी, आणि चहा, कॉफी, दूध व कॅल्शियमची गोळी यांपासून तासा-दोन तासांचे अंतर ठेवावे. एवढे करूनही गोळी सोसली नाही, तर शिरेतून लोह देणे हा उत्तम पर्याय आहे. आहार सुधारावा हे खरेच, पण एवढी तूट केवळ आहाराने भरून निघत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

आभारी आहे. शौचातील अदृश्य रक्ताची चाचणी एकदा झाली होती आणि ती निगेटिव्ह आली होती. तरीही दुर्बीण लागेल का?

प्रतिसाद:

होय. रक्त थांबून थांबून झिरपत असेल तर ती चाचणी सहज निगेटिव्ह येते, त्यामुळे रक्तक्षय असताना तिच्या भरवशावर पुढची तपासणी टाळत नाहीत. तारीख ठरली की लोहाची गोळी किती दिवस आधी थांबवायची ते विचारून घ्या. साधारणपणे आठवडाभर आधी थांबवतात, कारण लोहामुळे शौच काळे व चिकट होऊन आतड्याचे अस्तर नीट दिसत नाही. मात्र गोळी बंद असताना डांबरासारखे काळे, दुर्गंधीयुक्त शौच झाले किंवा आईंना चक्कर आली, छातीत दुखले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.