वाचलेल्या मुलांची घरं : तुम्ही जवळून काय पाहिलंत?

नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंमध्ये सुमारे 15 लाख मुलं होती, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. जी मुलं वाचली त्यांच्या घरात पुढं काय काय होत राहिलं, हे मला एका शेजारणीमुळे कळलं. तुमच्यापैकी कोणी जर्मनीत आहात, कोणी इस्रायलमध्ये, कोणाच्या घरात जुन्या मुंबईच्या आठवणी असतील. लिहा. त्या माणसांची नावं मात्र नकोत. सुरुवात मी करते, त्यापुढे तुमच्यापैकी काहींनी लिहून पाठवलेलं.

लंडन

शेजारच्या आजी मूळच्या व्हिएन्नाच्या. डिसेंबर 1938 ते सप्टेंबर 1939 या काळात जवळपास 10,000 मुलं आईबापांशिवाय ब्रिटनला आली, त्यांत या नऊ वर्षांच्या. गळ्यात नंबराची चिठ्ठी, हातात एक बॅग. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून एका इंग्रज कुटुंबाकडे गेल्या. माणसं प्रेमळ होती, पण जर्मन कोणालाच येत नव्हतं. युद्ध पेटल्यावर टपाल बंद झालं. रेडक्रॉसमार्फत फक्त 25 शब्द पाठवता यायचे. आईची अशी सहा पत्रं त्यांनी जपली होती, शेवटचं 1942चं. आणि ती त्यांना वाचता येत नव्हती. भाषाच पुसून गेली होती. परक्याकडून वाचून घ्यायला मन धजेना.

मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले होते, हे कळल्यावर एका दुपारी बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. आत घडी पडून विरलेले, टाईप केलेले कागद. पंचवीस शब्दांतले काही आईनं लोकरीच्या बनियनवर खर्च केले होते: घालतेस ना? शेवटी ‘माउसी’, आपण छकुली म्हणतो तसं. मी तो शब्द उच्चारला आणि त्यांनी माझा हात धरला. “थांब. हा मला येतो.”

बर्लिन

आमच्या दारासमोर फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचे चार पितळी चौकोन आहेत, नाझींच्या बळींच्या आठवणीचे, ‘इथे राहत होते’ असं कोरलेले. आई, वडील आणि धाकटा मुलगा 1943मध्ये आउश्वित्झच्या मृत्युछावणीत. थोरली 1939मध्ये निसटली. ते चौकोन बसवले तेव्हा तिचा मुलगा आला होता. तो सांगत होता, आईनं आयुष्यभर सगळ्यांचे पासपोर्ट स्वयंपाकघरात ठेवले, मिठाच्या बरणीमागे; रात्री दार वाजलं तर शोधाशोध नको.

1938मध्ये 9 नोव्हेंबरच्या रात्री ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली, त्या आठवणीत दरवर्षी त्या दिवशी इथले लोक हे चौकोन घासून लख्ख करतात. गेल्या वेळी साताऱ्याहून आई आली होती. गुडघे दुखत असूनही खाली बसली, लिंबू-मीठ मागितलं आणि देवाची भांडी घासावीत तसे चारही घासले.

मुंबई

आजोबांचे डॉक्टर जर्मन ज्यू होते, हिटलर आल्यावर तरुणपणी मुंबईला आलेले. सप्टेंबर 1939मध्ये इंग्रजांनी त्यांनाच शत्रूचा नागरिक म्हणून उचललं आणि अहमदनगरच्या छावणीत नेलं. तिथं नाझीही होते. चौकशीनंतर सुटले, पण आजोबा म्हणायचे, नंतर ते कोणत्याच देशाला ‘आमचा’ म्हणाले नाहीत.

अश्दोद

आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू; आता इस्रायलमध्ये. शतकानुशतकं कोकणात राहिलो, ज्यू म्हणून कोणी छळलं नाही, त्यामुळे लग्न होईपर्यंत हे सगळं माझ्यासाठी पुस्तकातलंच होतं. लग्नात आमच्याकडची माणसं बसायला जागा नव्हती. नवऱ्याकडचे एका टेबलात मावले.

सासरे हंगेरीचे. 1944च्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांत तिथून चार लाखांहून जास्त ज्यू आउश्वित्झला पाठवले गेले. हे चौदा वर्षांचे. फलाटावर एका कैद्यानं कानात सांगितलं, सोळा म्हण; लहानांना कामाला ठेवत नाहीत, मारतात. ते सोळा म्हणाले. आई आणि सहा वर्षांची बहीण दुसऱ्या रांगेत गेल्या.

इथं मुलं बाराव्या वर्षी शाळेसाठी घराण्याची वंशावळ करतात. लेकीनं माझी बाजू अलिबागजवळच्या नवगावापर्यंत नेली. आत्या, चुलते, मावश्या लिहायला कागद जोडावा लागला. दुसरी बाजू जवळपास रिकामी. ती आजोबांजवळ जाऊन बसली. बहिणीचं नाव त्यांनी सांगितलं. तेच नाव माझ्या लेकीचं. जन्मतारीख विचारली तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, अंगणातले जर्दाळू पिकले होते, मला त्या दिवशी कोणी रागावलं नाही.

तिनं चौकटीत तेच लिहिलं: जर्दाळू पिकले तेव्हा.