मदत हवी आहे: एकट्या बजीला सोबत कोणाची? फिंच, लव्हबर्ड की कॉकटील?

गॅलरीतला_पिंजरा: दोन वर्षांचा नर बजी (बजरीगर, छोटा रंगीत पोपट) आहे. जोडीची मादी गेल्या महिन्यात आजारी पडून गेली. पिंजरा २४×१८×१८ इंच. शेजारी झेब्रा फिंचची जोडी द्यायला तयार आहेत, दुकानदार लव्हबर्ड घ्या म्हणतो. यातलं कोण एका पिंजऱ्यात राहील? पिल्लं नको आहेत.

दाणापाणी: फिंच एका पिंजऱ्यात अजिबात नको. बजी ३०-४० ग्रॅमचा, झेब्रा फिंच जेमतेम १२ ग्रॅमची. बजीच्या चोचीत फिंचचा पाय सापडला तर तुटूही शकतो. शिवाय बजी जाळीवर चढतो, फिंचला मात्र आडवं उडायला लांबी लागते. २४ इंचांत तिला पळून जायला जागाच नाही.

लव्हबर्ड त्याहून वाईट, कारण इथे मार खाणारा तुमचा बजी असेल. लव्हबर्ड साधारण ५० ग्रॅमचा, चोच जबरदस्त, आणि जागेवर हक्क सांगणारा. जखमा बहुधा पायाला आणि चोचीला होतात. आपल्याकडे बरेच दुकानदार बजीलाच लव्हबर्ड म्हणतात, तेव्हा तो नक्की काय देतोय ते आधी बघा.

कॉकटील (तुऱ्याचा पोपट) आकाराने मोठा, ८०-१०० ग्रॅम, पण स्वभावाने गरीब. बजीच त्याची शेपटी ओढून हैराण करतो. सहा फूट लांबीच्या पक्षीघरात जमू शकतं, तुमच्या पिंजऱ्यात नाही.

राळे_बाजरी: बजीला बजीच हवा. एकमेकांना भरवणं, डोक्यावरची पिसं साफ करणं, सतत कुजबुजणं ही भाषा दुसऱ्या जातीच्या पक्ष्याला कळत नाही. पिल्लं नको असतील तर दुसराही नरच आणा; दोन नर सहसा छान राहतात. प्रौढ नराची नाकावरची कातडी निळी, मादीची तपकिरी. कोवळ्या नराची एकसारखी गुलाबी-जांभळी, तर कोवळ्या मादीच्या नाकपुड्यांभोवती पांढुरकी कडी दिसते. पूर्ण पांढऱ्या वा पिवळ्या, लाल डोळ्यांच्या पक्ष्यांत मात्र प्रौढ नराचीही गुलाबीच राहते, तिथे फसगत होते. पिंजऱ्यात घरट्याचं मडकं टांगू नका. मडक्यावरून नरही भांडतात.

दाणापाणी: त्याआधी एक महत्त्वाचं. मादी आजारानं गेली ना? मग या नराची विष्ठा पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. पक्षी भरपूर खातो तरी वाळत जातो, विष्ठेत अख्खे दाणे पडतात, अशी लक्षणं असतील तर मेगाबॅक्टेरियाची (नाव तसं असलं तरी ही पोटातली एक बुरशी) शंका घ्यावी. तो बजींमध्ये बराच आढळतो आणि जोडीदाराला सहज लागतो. निकाल येईपर्यंत नवा पक्षी आणू नका, कृपया.

नवा आला की निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत. दाणापाणी आधी जुन्याला, मग नव्याला, आणि हात धुऊन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर, वाट बघणं नाही. पिसं फुगवून बसणं, शेपटीखाली घाण ही आणखी लक्षणं.

राळे_बाजरी: मग आठवडाभर पिंजरे शेजारी ठेवा. नंतर पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आरसा झाकलेला अशा खोलीत दोघांना एकदम सोडा. तोवर जुन्या पिंजऱ्यातल्या काठ्यांची जागा बदला, म्हणजे 'हे माझं' असं कोणाला वाटत नाही. दाण्याच्या दोन वाट्या, पाण्याच्या दोन, दूर दूर. चोचीला चोच लावून थोडी कुरबुर चालते. पाठलाग थांबत नसेल किंवा रक्त दिसलं तर लगेच वेगळे करा.

गॅलरीतला_पिंजरा: धन्यवाद! फिंचची जोडी वेगळ्या पिंजऱ्यात त्याच खोलीत ठेवली तर?

दाणापाणी: चालेल. पिंजरा निदान ३० इंच लांब, फटी १० मिमीपेक्षा जास्त नकोत. बजीच्या पिंजऱ्याखाली ठेवू नका, विष्ठा त्यांच्या पाण्यात पडते. शेजारी ठेवताना मध्ये वीतभर अंतर सोडा, नाहीतर जाळीला लटकलेल्या फिंचची बोटं बजी बाहेरूनही चावतो. फिंचऐवजी लाल मुनिया कोणी देऊ केली तर नाही म्हणा. तो आपला जंगली पक्षी आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने पाळायला बंदी आहे.